काना

ज्वारीचा घाटा निवत आला तेव्हा नंबर लावला.
नऊ दाबला. मग दोन. मग खातं नंबर, शेवटी हॅश.
पोरगी म्हणाली (पोरगी कसली, टेप)
आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.
मग सतार.
फोन स्टीलच्या डब्यात उभा केला, आवाज मोठा येतो,
आणि गच्चीवर जुनं धोतर अंथरून
बिबड्या थापायला बसले.

चार महिने पेन्शन नाही.
तेलाचा कारखाना विकला, नव्या मालकाने
आमचा फंड कुठल्याशा कंपनीला देऊन टाकला.
कंपनी गुरुग्रामला, मी अमळनेरला,
आणि मधे कुठेतरी, भरताना की उतरवताना,
माझ्या नावाचा काना सांडला.
कोकिळा दगडू बोरसे गेली.
उरला कोकिळ. श्रीयुत. लिंग पुरुष.
शाळेत शिकवलं होतं, गातो तो नरच. तरी.
त्याचा हयातीचा दाखला
माझ्या अंगठ्याशी जुळत नाही.

अठरावी बिबडी.
सतार पुन्हा पहिल्यापासून.

चौतीस वर्षं त्या कारखान्याचा बोर्ड माझ्याकडे होता.
आधी दोऱ्या, तांबड्या नि हिरव्या, नंतर बटणं.
पिंजारीमामांनी पहिल्याच दिवशी सांगितलं,
माणूस थांबवून ठेवलास तर मनात तीस मोज.
तीसला परत जा. साहेब जागेवर नसले तरी जा.
म्हण, थांबा हं, मी आहे.
सतार नव्हती आमच्याकडे.

बॉयलरचा व्हॉल्व्ह उडाला त्या रात्री
धरणगावहून हिलाल मिस्तरीची बायको लाइनवर होती,
आणि दवाखान्यात कुणी उचलत नव्हतं.
किती वेळा तीस मोजले, आठवत नाही.
हिलाल वाचला. डावा कान गेला.
अजून बाजारात भेटला
की मान वळवून उजवी बाजू पुढे करतो.

पंचावन्नावी थापताना सतार तुटली.
नमस्कार कोकिळजी, मी आपली काय मदत करू शकते?
कोकिळा. बाई आहे मी.
सिस्टिममध्ये आपण सर आहात, सर.
आवाज ऐकू येतो ना माझा?
आवाज पुरावा धरता येत नाही, सर.
मग मी जिवंत आहे हे कशावरून धरता?
अंगठ्यावरून. पण आपला जुळत नाहीये.

अंगठा पाहिला. घाट्याने माखलेला, तीळ चिकटलेले.
तिच्या पाठीमागे शंभर पोरी हेच बोलत होत्या,
त्यातल्या एकीला कोरडा खोकला.
लाइनमागचं ऐकू येतं मला, जुनी खोड.
म्हटलं, बाई, मी जित्ती शे.
ती थबकली. साक्रीकडची होती की काय, कोण जाणे.
दबक्या आवाजात म्हणाली, मावशी,
नावदुरुस्तीचा फॉर्म भरा,
पण त्यावर सही कोकिळचीच लागेल.
मग कट.
दोन मिनिटांत मेसेज:
आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.
आमच्या सेवेला एक ते पाच गुण द्या.

नावाला काना नाही आणि कंपनीला कान नाही,
असं जावयाला म्हटलं तर हसला, मेल करा म्हणाला.
केलेत ना. सात.
सातही वेळा उत्तर आलं, प्रिय श्री. कोकिळ.

चारच्या सुमारास बिबड्या धोतरावरून सुटू लागल्या.
फोन वाजला. टेपच, या खेपेला हिंदीत.
क्या आप कोकिल बोरसे बोल रहे हैं?
म्हटलं, थांबा, जोडी देस.
फोन कठड्यावर ठेवला, उन्हात,
आणि बिबड्या एकेक टोपलीत रचत गेले.
सत्तावीस. अठ्ठावीस. एक मोडली, ती तोंडात टाकली.
तीसला हात पदराला पुसले, परत गेले.
थांबा हं, म्हटलं.
मी आहे.