न बोलणारा के

ग्रिम्सबीच्या वाचनालयात, वरच्या मजल्यावर,
मंगळवारी साडेसहाला तो येतो.
विल्फ ऑक्सटोबी, वय एकसष्ट,
उजवी करंगळी पेरभर कमी.
खुर्ची दाराजवळची घेतो.
कोट काढत नाही.

पहिल्या दिवशी म्हणाला, चष्मा विसरलो.
दुसऱ्या मंगळवारी, चष्मा तुटला.
तिसऱ्यांदा मी चष्म्याचं विचारलंच नाही,
चहा दिला.
तेव्हा खिशातून काढून त्याने टेबलावर ठेवला
एक चष्मा, धडधाकट,
साध्या काचांचा,
चाळीस वर्षं विसरण्यासाठी बाळगलेला.

उत्तर समुद्रात, काळोख्या लाटेत
अडकलेला दोर एका हाताने कापलेला हा माणूस
पाच ओळी समोर आल्या
की तोंड उघडतो, मिटतो, उघडतो.
अक्षरं हलतात, म्हणतो.
डेकवर ओतलेल्या मासळीसारखी,
एक धरावं तर दुसरं निसटतं.
सातव्या वर्षी गारबट मास्तरांनी
त्याला बाकावर उभं केलं होतं,
बी आणि डीमध्ये गफलत झाली म्हणून.
तो अजून खाली उतरलेला नाही.

म्हणून पान बाजूला ठेवलं.
अक्षरांची नावं नकोत, मी म्हटलं,
नावं फसवतात. नुसते आवाज करू.
क्.
शेपूट लावू नका त्याला. क नाही, क्.
फळीवर सुरी टेकावी, तेवढाच.
ऑ. जबडा सैल सोडून.
ड्. पेटी खाली ठेवल्याचा.
क्. ऑ. ड्.
आधी लांब लांब. मग जवळ. मग आणखी जवळ.
कॉड, तो म्हणाला,
आणि टेबलाकडे असं बघितलं
जणू तिथे काही तडफडतंय.
जन्मभर पकडला हा,
पण असा कधीच नाही.

महिन्याभराने सुरी आली. नाइफ.
सुरुवातीलाच के उभा,
आणि त्याने इमानाने त्याचा आवाज केला, क्-नाइफ.
चुकलं, हे त्याच्या कानांना आधी कळलं.
मान लाल. हात कोटाच्या बटणावर.
थांबा, मी म्हटलं, चूक तुमची नाही.
फार पूर्वी लोक म्हणायचे तो क्.
मग तो बोलायचा थांबला, पण गेला नाही.
सुरीच्या पुढे, दोराच्या गाठीपुढे, गुडघ्यापुढे
उभा आहे अजून, तोंड मिटून.

बराच वेळ तो त्या के-कडे बघत राहिला.
ओळखतो मी याला, म्हणाला.
युनियनच्या सभेत मागच्या रांगेत बसतो,
सगळ्यांचे हात वर गेले की हा वर करतो.
हॉटेलात म्हणतो, मलाही तेच आणा.

हसलो दोघं. त्या दिवशी कोट
खुर्चीच्या पाठीवर गेला.

मी त्याला सांगितलेलं नाही
की वीस वर्षं मी बंदराच्या कचेरीत होते,
खलाशांपुढे कागद सरकवणारी.
इथे सही. बोट ठेवून, वर न बघता.
त्या बोटापुढे किती चष्मे विसरले गेले असतील.
सांगेन. अजून नाही.

या मंगळवारी तो एक डबा घेऊन आला,
वर्तमानपत्रात गुंडाळलेला, गोठलेला.
झाकणावर चिकटपट्टी, तिच्यावर एडिथचं अक्षर.
एडिथ जानेवारीत गेली.
फ्रीजरमध्ये सात डबे राहिलेत, म्हणाला,
कशात काय, ते उघडल्याशिवाय कळत नाही,
आणि उघडला की एक कमी होतो.

फ्. इ.
मग एका आवाजासाठी दोन अक्षरं,
एकाच बाकावर दाटीने बसलेली. श्.
फिश.
श्वास सोडला त्याने.
पुढे आणखी एक शब्द होता.
मला दिसत होता, जिभेवर आला होता.
सांगू नका, तो म्हणाला.

बर्फ सुटत होता. पट्टीची कड ओली,
शाई पसरू लागलेली.
बोट न उचलता तो म्हणाला, स्.
मग बऱ्याच वेळाने, ट्.
आणि मी त्याच्या शेजारी बसून राहिले
त्या के-सारखी.