झाकण

रविवारी जनरेटरनं दम टाकला.
गिरणीत नऊ डबे रांगेत, लाइट संध्याकाळी पाचला,
आणि सेलूतली ऑइलची दुकानं कुलपात.
तेव्हा आठवले पत्र्याच्या खोलीतले दोन डबे,
सटवाजीनं जालन्याहून आणलेले,
काळीपिवळी होती तेव्हाचे.
जिंतूर-सेलू, जिंतूर-सेलू,
आत चौदा माणसं आणि टपावर एक बकरी.

एक डबा सीलबंद. बुडाला मार्च महिना,
साल खरवडलेलं, शेवटचा आकडा तेवढा चार.
दुसरा उघडलेला, अर्धा,
तोंडात मक्याचं बुरकुंड ठोकलेलं.

जलीलभाई, तेल खराब होतं का हो?
मी आपली धान्यातली बाई.
ज्वारीला टोके होतात, डाळीला भुंगा,
पिठाला जाळी धरते, ते वासावरून सांगते मी.
तेलाला काय लागतं?

मिस्त्री बोललाच नाही.
सीलबंद डबा उचलून नारळासारखा कानाशी हलवला.
आतलं काहीतरी
जरा उशिरानं हललं.
"नीचे बैठा है," म्हणाला.
तेलात नुसतं तेल नसतं ताई,
काजळी धरून ठेवायला एक, गंज अडवायला एक,
असं कायकाय घातलेलं असतं. पडून राहिलं की ते तळाला जातं.
मग त्यानं डबा उलटा केला, सुलटा, परत उलटा,
तान्ह्या पोराची ढेकर काढावी तसा.
सील फोडून एक थेंब पेपरवर टाकला,
श्रद्धांजलीच्या पानावर, कोणाच्या तरी फेट्याशेजारी.
थेंब सावकाश पसरला. कड साफ.

दुसऱ्याचा रंगही तोच, वासही मला तोच आला.
"तवा दे," म्हणाला.
कोणता?
"टाकून द्यायचा असेल तो."

चुलीवर तवा लाल होत आला.
पहिल्या डब्यातला थेंब गपचूप बसला, धुरावला, संपला.
दुसऱ्यातला
तडतडला.
मोहरीसारखा. ह्या आवाजाला मी तीस वर्षं ओळखते,
डोळे झाकूनही हात मागं घेते.
"पानी है."

पाणी? ह्या खोलीत?
जिथं वैशाखात भरून ठेवलेली घागर
दुपारपर्यंत अर्धी होते?

दिवसा पत्रा तापतो, त्यानं हातानं दाखवलं,
डबा फुगतो, हवा बाहेर टाकतो.
रात्री निवतो, तेव्हा ओढून घेतो.
बुरकुंडातून. रोजचा एक श्वास.
पौषातला कोरडा, श्रावणातला ओला,
ओला तेवढा आत राहतो.
इतकी वर्षं तो तिथं दम घेत होता
आणि मी त्याच भिंतीला चाळण्या टांगत होते.

सीलबंद तेल जनरेटरला घातलं.
जुन्या इंजिनाला जुनं चालतं म्हणाला,
नव्या गाडीत मात्र घालू नका, तिला हे जड जातं.
चार झटके, पाचव्याला धरलं.
गव्हाचा पहिला डबा पात्यात ओतला
तेव्हा माझ्या भुवयांवर पीठ होतं, त्याच्या मिशीवर पण.
पाणी लागलेलं तेल
दाराच्या कडीला, शेजारच्या बैलगाडीच्या आखाला.
पैसे विचारले तर म्हणाला,
बाजरी दळून द्या पाच किलो, बारीक.

रात्री चाकणला फोन लावला.
कोणतं तेल, म्हणाला सटवाजी.
मागं मशीनचा आवाज, त्याची रात्रपाळी.
मग बऱ्याच वेळानं:
अगं, बुरकुंड मी नाही ठोकलं.
झाकण होतं त्याला. लाल.

सकाळी गिरणी झाडताना
वजनकाट्याच्या चौथ्या पायाशी वाकले.
फरशी तिथं खोल आहे.
लाल झाकण, पालथं,
पिठानं पांढरं पडलेलं.
कधी ठेवलं असेल मी? कोणत्या दळणाच्या घाईत?

काढून पाहिलं.
काटा पावशेर कलला.
परत ठेवलं.