कोपऱ्याचं संपादन

बाल्कनीच्या दारापासून कॉलमपर्यंत साडेसहा फूट.
टेप दोनदा लावला, सवयीनं तिसऱ्यांदाही.
फ्लश डोअरची एक जुनी फळी बरोबर बसते,
कपड्यांचा स्टँड हलवला तर.

हलवला तर.

हेमलताला रीतसर नोटीस दिली,
लग्नपत्रिकेच्या पाठीवर, नकाशासह:
मौजे हॉल, तालुका कुडाळ,
सार्वजनिक प्रयोजन: आगगाडी.
तिनं त्याच पाठीवर हरकत नोंदवली:
जून ते सप्टेंबर तुमचे बनियन
कुठल्या स्टेशनात वाळत घालू?

सुनावणी चहाच्या वेळी झाली.
मोबदला ठरला: छताला कप्पीची दोरी,
रविवारचे मासे मी साफ करायचे,
आणि गाडी दुपारी दोन ते चार बंद.
छत्तीस वर्षं मोजणी खात्यात काढली,
इतक्या लवकर निकाली निघालेली फाइल पाहिली नाही.

आता नियोजन.
एकास एकशे साठ.
या मापानंही कुडाळ ते रत्नागिरी
जिना उतरून, बाजार ओलांडून
पार कचेरीच्या पुढे जाते.
म्हणून गाळत जायचं.
रत्नागिरी गाळली. कणकवली गाळली, जड मनानं;
तिथे हेमलताचं माहेर.
राहिलं एक लूपचं स्टेशन,
जिथे एक गाडी थांबते
आणि दुसरी बराच वेळ येत नाही,
एक बोगदा, जांभ्यातली एक खिंड.
वळणाची त्रिज्या नऊ इंच, त्याखाली डबे घसरतात.
रूळ नऊ मिलिमीटरचे. आपल्या ब्रॉडगेजला
खरं तर साडेदहा हवेत, पण बाजारात नऊच.
तो दीड मिलिमीटर मला रात्री टोचतो.

खिंडीसाठी खरा जांभा आणला, कुटला,
चहाच्या गाळणीतून गाळला.
गाळणी नवी घ्यावी लागली.
दरडीची जाळी: मच्छरदाणीचा तुकडा.

पेन्सिलीनं मध्यरेषा ओढताना
खिंडीपाशी हात अडला.
झारापच्या अलीकडे असाच अडला होता,
एक्क्याण्णव सालच्या मे महिन्यात.
रेषा एका फणसाच्या बुंध्यातून जात होती
आणि बुंध्याला टेकून उभा बाबल तुळसकर
केळीच्या पानावर गरे पुढे करत म्हणाला,
"सायबांनू, ही लायन चार हात
थयसून नेऊक येवची नाय?"

मी गरे खाल्ले.
म्हणालो, वळण बसत नाही, वरून ठरलंय.
बोटांचा चीक त्याच्याच घरच्या खोबरेलानं काढला
आणि झाडांच्या यादीत लिहिलं:
फणस, फळता, एक.

वळण खरंच बसत नव्हतं का,
ते मी मोजलं नाही.
मोजणं माझंच काम होतं.

काल गणित केलं.
चार हात म्हणजे सहा फूट,
भागिले एकशे साठ: अकरा मिलिमीटर.
आणि कॉलम आडवा येतो म्हणून
मी रेषा आधीच पाच इंच वाकवलेली,
बिल्डरच्या सिमेंटला
एका शब्दानं न विचारता.

खोडली. पुन्हा ओढली.
नऊ इंचांच्या नियमात बसली,
वर जागा उरली.

हेमलता चष्मा लावून वाकली, बोट ठेवलं:
इथे रुळाला उगाच पोट आलंय. काय आहे इथे?
अजून काही नाही, म्हटलं.
तुझ्याकडे हिरवी लोकर उरलीय का?
एक झाड करायचंय.
कसलं?
फणस.
माळ्यावरची पिशवी काढायला ती स्टुलावर चढली
आणि तिथूनच विचारलं, कापा की बरका?

यादीत तसा रकानाच नव्हता.
मी थोडा वेळ गप्प राहिलो.
मग जिभेला आठवलं.
कापा, म्हणालो.