रकाना क्रमांक सात

पहाटे साडेचारला भोईपुऱ्यात
ट्रकचा फाळका धाडकन पडतो
आणि थर्माकोलच्या पेट्यांतून आंध्र
ठिबकत ठिबकत रस्त्यावर येतं.
रोहू, कटला, सिप्रस.
सगळ्यांचे डोळे एकाच तळ्यातले.

मी फॉर्म घेऊन उभा.
रकाना एक : माशाचं स्थानिक नाव.
रकाना चार : घाऊक भाव.
रकाना सात : स्थिती.
सातव्यासाठी ऑफिसनं आकडे दिलेत,
धोका नाही, धोक्याजवळ, धोक्यात,
आणि सगळ्यात सोपा, शेवटचा :
माहिती अपुरी.

धुरपताबाई नान्हे विळीवर बसलेली.
मूळची आंभोऱ्याकडची; घर आता पाण्याखाली,
दुकान म्हणजे हे गोणपाट.
"वाम लिव्हली का, बाबू?"
दिसली तर लिहीन, म्हणालो.
"दिसन कुठून?
थे का आपल्या नदीची होती?
समुद्राकून येत जाय,
बोटाएवढी, काचेवानी.
इथं खाये, पिये, वाढे,
अन् धा-बारा वर्षांनी पोट पांढरं पडलं
का पुरासंग खाली निंगे.
आमचा सासरा, चिंधू नान्हे,
पांढऱ्या पोटाची जाळ्यात घावली तर सोडून दे.
म्हने, बाळंतपणाले माहेरी चालली थे,
तिले कोन अडवते जी?"

मी फॉर्मच्या पाठीमागे रेघ ओढली :
कन्हान, वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी.
रेघ कागदाबाहेर गेली.
मधे गोसेखुर्दची भिंत काढली;
तेहतीस दरवाजे,
वामीच्या मापाचा उंबरठा एकालाही नाही.

बाजूला ड्रायव्हर सत्तीबाबू चहा पितोय.
राजमहेंद्रीकडून निघाला काल दुपारी,
गोदावरी सोडली नि टोलनाके मोजत आला.
सगळ्यांनी पैसे घेतले,
सगळ्यांनी दांडा वर केला.
म्हणजे वाट तीच आहे अजून,
खालून वर, समुद्राकडून नागपूरकडे.
मासाही येतोच आहे,
फक्त बर्फावर, आडवा.

"भाव काय होता वामीचा?" मी रकाना चारवर आलो.
ती हसली.
"एका वामीत पोरीचं वर्षाचं दप्तर, पुस्तकं, चप्पल.
इतवारीचे शेठ आधीच सांगून ठेवत,
कंबरेले चांगली म्हनून."
मग विळीचं पातं फडक्यानं पुसत राहिली
गरजेपेक्षा जास्त वेळ.
"सासरा मेल्यावर
आमी बी नाही पाह्यलं, पोट पांढरं का पिवळं.
भिंत तं मांगून आली, बाबू.
थे बी लिव्ह."

त्याला रकाना नाही.
शेऱ्यासाठी दोन ओळी आहेत,
त्यांत मॅडमना फक्त आकडे लागतात.

"केवढी असायची?"
तिनं डावा हात पुढे केला,
उजव्या हाताची तिरीप खांद्यावर ठेवली,
मग बोटांच्याही पुढे
हवेत थोडी जागा दाखवली,
इथपर्यंत, नाही, अजून थोडी...

"मावशी, अर्धा किलो रोहू. काटे काढून."

हात खाली आला.
विळीखाली रोहूचे खवले
चिल्लरीसारखे उडू लागले,
आणि ती हवेतली वीतभर जागा
मी अजून
कुठल्या रकान्यात बसते ते बघतोय.