स्पंजाला गाव नसतं

त्या साली कालिम्नोस बेटाभोवतीचे स्पंज कुजले.
सेवास्तोसच्या मुलानं पंधरा वाव खालून एक वर आणला,
तो बोट लागताच
भिजल्या पावासारखा विरघळला.
धक्क्यावर पोरगा एवढंच म्हणाला,
"साथ आलीय."

कॉफीच्या दुकानात थेमेलिस मास्तर बसले होते.
मिशीवरचा फेस पुसत म्हणाले, "चूक.
शब्द आपला आहे, जपून वापरा.
एपि म्हणजे वर. देमोस म्हणजे लोक.
लोकांवर येते ती साथ.
स्पंजाला कुठलं आलंय गाव?
गुराढोरांचा शब्द निराळा, झाडांचा निराळा,"
आणि ते शब्द त्यांनी
बिनखडूच्या हातानं हवेत लिहून दाखवले.

सेवास्तोसचा डावा पाय पाण्यानं कधीच नेलाय,
म्हणजे पाय आहे, पण ऐकत नाही.
तो त्यानं दोन्ही हातांनी उचलून खुर्चीवर ठेवला.
"मग या होड्या ओढून वर ठेवल्यात
त्या कुणाच्या, मास्तर?
स्पंजांच्या?"

त्या हिवाळ्यात शब्द मोकाट सुटला.
कुलपांची साथ.
डार्विनला जाण्याची साथ
(सेवास्तोसच्या पोराला ती नाताळाआधीच लागली).
न्हावी म्हणे, दाढ्या राखण्याची साथ आहे.
कालिरोई म्हणे, मांजरांची,
उपाशी, दारोदार.
मास्तर प्रत्येक चूक वहीत टिपत होते.
एक्केचाळीसाव्या चुकीला वही मिटली.

फेब्रुवारीत खरीखुरी आली, व्याकरणशुद्ध,
लोकांवर.
अर्धी शाळा अंथरुणात.
तिला सगळे नुसतं "खोकला" म्हणाले.

मास्तरांना ताप चढला तेव्हा
लिंबू पिळलेलं सूप घेऊन सेवास्तोस आला,
पाय उशाशी टेकवून बसला.
मास्तर पुटपुटले,
"फार जुना अर्थ वेगळा होता रे.
रोगबीग नंतर.
आधी नुसतं,
परदेशी गेलेला माणूस परत येतो,
आपल्या लोकांत राहतो,
त्याला म्हणायचे हे."

सेवास्तोस बराच वेळ सूप ढवळत राहिला.
"राहतो?"
"राहतो."

आता गुरुवारी पिरेयसची बोट लागते
तेव्हा तो धक्क्यावर असतो.
तिकीट खिडकीतल्या नव्या बाईनं
सहज विचारलं, कुणाची वाट बघताय?

"साथ येतेय का, बघतोय,"
तो म्हणाला.

बाईनं काच ओढून घेतली.