न तोडल्याची पावती

हॅलिफॅक्सला, जुन्या लोकरगिरणीच्या तिसऱ्या मजल्यावर
मी जंगल मोजते.
पडद्यावरचा एक चौकोन म्हणजे तीस मीटर.
हिरवा असला तर पुढे, तपकिरी झाला की लाल खूण.
बाहेर ऑगस्टातही स्वेटर चढवायला लावणारी झड.

न घडलेल्याची किंमत काढायची, हे माझं काम.
न पडलेलं झाड, न उठलेला धूर,
कुऱ्हाड घेऊन जो आलाच नाही
त्याच्या न येण्याचे पौंड किती?
आईला फोनवर समजावलं, तर म्हणाली,
"म्हणजे न केलेल्या स्वयंपाकाचं बिल."
मी हसले.
रात्री तेच वाक्य परत आलं, तेव्हा नाही.

गुरुवारी काँगोहून बोकुंगू लाइनवर येतो.
आवाज आधी, चेहरा मागून, कधी येतच नाही.
चारशे सतरा तपकिरी का, मी विचारते.
"मेहुणीनं खोली बांधली. कसाव्याचे चार वाफे केले.
बाळंत झालीय.
तुमच्याकडे बाळंतिणीचा रकाना आहे?"
नाही. 'इतर' आहे.
मग तो हवापाणी विचारावं तसं विचारतो,
गेल्या वर्षीचे पैसे कुठवर आले?
लंडनहून निघालेत, मी सांगते.
हेच मागच्या गुरुवारी सांगितलं होतं.

शेजारच्या टेबलावरची डॉरीन ॲक्रॉइड
खिडकीतून टेकडी दाखवते, मेंढ्यांनी बोडकी केलेली.
"हे सगळं रान होतं म्हणे. आमच्याच लोकांनी संपवलं."
पैसे मिळाले असते तर थांबले असते?
ती चहात बिस्किट बुडवते, ते तुटून तळाला जातं.
"तेव्हा आम्हाला द्यायला होतं कोण?"

आजोळच्या देवराईत मी एकदा
वाळकं काटूक उचललं, तर मामानं थोबाडीत दिली.
तिथं पावती नव्हती. म्हसोबा होता,
आणि त्याची भीती, फुकटची.
पण सांगायचंच तर सगळं सांगते:
रस्ता आला तेव्हा वरची निम्मी राई
मामानंच मोजून दिली.
म्हसोबा काही बोलला नाही. रक्कम बरी होती.

साडेपाचला सगळे उठतात.
मी चारशे सतरावर थांबते,
'इतर'मध्ये लिहिते: एक मूल.
खाली लगेच ओळ उमटते,
एकक निवडा.
पर्याय एकच आहे, टन.