आतून की बाहेरून

कॅनडा कॉर्नरच्या दुकानातून अहिरराव आले,
बॅगेत तीन यंत्रं आणि पहिलाच प्रश्न:
मॅडम, तुमचा चोर आतून येणारा की बाहेरून?
बाहेरून, मी पटकन म्हणाले.
सगळे असंच म्हणतात, ते म्हणाले,
आणि कॅमेरे आत लावून घेतात.

सातपूरच्या गाळ्यात आम्ही समयांना झिलई देतो.
सात माणसं, तीन बफ, एक काटा.
दिवाळीच्या तोंडावर सहा किलो पितळ
हिशेबातून गेलं. कुठे गेलं
ते पितळालाच ठाऊक.

अहिररावांनी चुंबकाचं कुलूप काढून दाखवलं.
तीनशे किलोची ओढ, कुणाच्या बापाला उघडणार नाही.
आणि लाईट गेली की?
उघडतं. आग लागली तर माणूस आत अडकायला नको.
दुसरं एक आहे, ते लाईट गेली तरी बंदच राहतं.
बोला, कुठलं देऊ?
मी दोन्हींकडे बघत बसले.
इतकी वर्षं दाराला साधी कडी होती,
तिने असलं काही कधी विचारलं नव्हतं.
पहिलं घेतलं. वर चार तासांची बॅटरी.
मग आठवलं, शनिवारी एमआयडीसीला सुट्टी,
आणि लाईनचं कामही शनिवारीच काढतात.
म्हणून आठ तासांची.

मग अंगठे.
तौसीफचा लागला, मंदाकिनीचा दुसऱ्या खेपेला,
कचरूमामांचा लागेना.
पुसून, ओला करून, डाव्या हाताचा,
मग एकेक करत दहाही बोटं.
यंत्र दर वेळी त्याच गोड आवाजात: पुन्हा प्रयत्न करा.
एकतीस वर्षं बफवर समया धरून
मामांच्या बोटांनाही झिलई आली होती.
माझं काही शिल्लक नाही वाटतं, म्हणाले, हसले.
बाकी कुणी हसलं नाही.

चेहऱ्याचं घ्या मग, अहिरराव म्हणाले, अकरा हजार जास्त.
पण दुपारी दोनला आमचे सगळ्यांचे चेहरे एकच असतात,
काळे, नाकावर फडकं.
शेवटी मामांपुरता चार आकडी नंबर ठरला.
कुणाला सांगायचा नाही, मी बजावलं.
दुसऱ्या दिवसापासून मामा दारात उभे राहून
मोठ्याने म्हणत एकेक बटण दाबायला लागले:
दोन… सात… सात… एक.
समोरच्या गाळ्यातल्या वेल्डरलाही पाठ झाला.

मामा पुतणीच्या लग्नाला दिंडोरीला होते, त्या बुधवारी
माझ्या मोबाईलवर उमटलं:
गांगुर्डे कचरू, प्रवेश, सकाळी सहा चव्वेचाळीस.

मी आधी सगळं काट्यावर चढवलं.
चुऱ्याचं पोतं, तुटके पाय, न घासलेल्या वाट्या.
जुळलं. पुन्हा मोजलं, तेव्हाही जुळलं,
आणि खरं सांगायचं तर
मला थोडं वाईटच वाटलं.
मागच्या मोरीतली फरशी तेवढी ओली होती,
आणि नळावर साबणाची एक पातळ चिपटी.
आमच्यात कुणी साबण आणत नाही,
हात आम्ही लाकडाच्या भुशाने घासतो.

कॅमेऱ्यात आहे ती सकाळ.
अहिररावांनी शिकवून ठेवलंय, तारीख टाका, वेळ टाका,
कोण ते दिसेल. तीस दिवस राहतं,
एकतिसाव्या दिवशी नवं त्यावर चढतं.
कधी रात्री तारीख टाकते. वेळ टाकत नाही.
हे शहाणपण की आळस, नवऱ्याला विचारलं,
तो म्हणाला, पंचेचाळीस हजार गेले ते कशाला मग?

आज सव्विसावा.
मी हिशेबाची वही उघडतेय,
बाहेरून मामांचा आवाज: दोन… सात… सात…
शेवटचा आकडा
आतून कुणीतरी म्हणालं.
मान वर करून बघेपर्यंत
तिन्ही बफ एकदम सुरू झाले होते.